घर आधी संगणकात बांधावे

आमच्या घराच्या जिन्यात एक बीम आहे. वर चढताना सातव्या पायरीवर मान वाकवली नाही, तर कपाळ नेमके त्यावर आपटते. अब्बा हयात होते तोवर तिथे आले की आपोआप वाकायचे. पाहुणा जिना चढू लागला की आम्ही खालूनच ओरडतो, "डोकं सांभाळा!" अम्मीने त्या बीमच्या कडेला जुन्या रजईचा तुकडा चिकटपट्टीने लावून ठेवला आहे. घर बांधले २००४ साली. वीस वर्षांत रजईचे तुकडे चार वेळा बदलले, बीम तिथेच आहे.

हे घर बांधले माझ्या थोरल्या चुलतभावाने. आम्ही सगळे त्यांना भाईजान म्हणतो, कोल्हापुरातले लोक मिस्त्री म्हणतात. सेंटरिंगच्या कामापासून सुरुवात, मग गवंडीकाम, मधली सहा वर्षे दुबईत शटरिंग कारपेंटर आणि परत आल्यावर स्वतःची लेबर काँट्रॅक्टची कामे. त्यांच्या हातची भिंत ओळंब्याला कधी चुकत नाही. मग आमच्या जिन्यात असे कसे झाले? मी एकदा विचारले, तेव्हा ते म्हणाले, "जिना एका कागदावर होता, बीम दुसऱ्या कागदावर. दोन्ही कागद बरोबर होते. मी दोन्ही कागदांप्रमाणेच बांधलं."

त्यांचे हे वाक्य मला त्या वेळी सबब वाटले होते. आता त्यांच्याच मुलीमुळे कळते आहे की बांधकामातला निम्मा वैताग त्या एका वाक्यात आहे.

ही माझी पुतणी कोल्हापुरात सिव्हिलचा डिप्लोमा करून पुढे इंजिनिअर झाली आणि आता पुण्यात एका ऑफिसात काम करते. काम काय, तर बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग. अक्षरे जोडून तिच्या ऑफिसात त्याला 'बिम' म्हणतात. तिने पहिल्यांदा फोनवर सांगितले, तेव्हा भाईजान दोन दिवस सगळ्यांना सांगत होते की मुलगी बीमची डिझाइन करते. मी घोटाळा टाळण्यासाठी इथे बीआयएमच म्हणतो.

बीआयएम म्हणजे काय, हे तिने आम्हाला ईदच्या सुट्टीत लॅपटॉपवर दाखवले. साध्या नकाशात भिंत म्हणजे दोन समांतर रेघा. ती भिंत आहे हे वाचणाऱ्याला कळते, कागदाला नाही. मॉडेलमधली भिंत मात्र स्वतःला भिंत म्हणून ओळखते. तिची जाडी किती, उंची किती, वीट की ब्लॉक, प्लास्टर कुठल्या बाजूला, हे सगळे तिच्यासोबत असते. तिच्यात दरवाजा बसवला की दरवाजाएवढ्या विटा आपोआप वजा होतात. भिंत फूटभर सरकवली की वरून दिसणारा नकाशा, समोरचा देखावा, आतला छेद आणि विटांचा हिशेब, सगळे एकदम बदलते. आर्किटेक्टचे मॉडेल, आरसीसी कन्सल्टंटचे मॉडेल, प्लंबिंगचे, विजेचे, अशी सगळी मॉडेले एकावर एक ठेवता येतात. मग संगणक विचारतो, हा पाइप या बीमच्या पोटातून चालला आहे, चालेल का? या तपासणीला त्यांच्या भाषेत क्लॅश डिटेक्शन म्हणतात. पाइप बीमला प्रत्यक्ष धडकतो तेवढेच नव्हे, तर जिन्यात माणसाच्या डोक्याला जागा उरते का, मीटरच्या पेटीचे दार पुरते उघडते का, हेही त्यात बघता येते.

कोल्हापूरच्या माणसाला हे समजायला अवघड जाऊ नये. शिवाजी उद्यमनगरात, शिरोलीत, गोकुळ शिरगावात ज्यांचे नातेवाईक फाउंड्रीत आहेत त्यांना विचारा. लोखंड ओतण्याआधी पॅटर्न बनतो. धातू थंड होताना आकसतो, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा ठेवतात. पॅटर्नमध्ये चूक असेल तर लाकडाचा तुकडा तासून ती दुरुस्त होते, पण ओतल्यावर लक्षात आली तर सगळा लॉट रिजेक्शनमध्ये जातो. आता कित्येक फाउंड्रीत ओतण्याच्या आधी रस साच्यात कसा भरेल आणि पोकळी कुठे धरेल हेसुद्धा संगणकावर पाहतात. घराच्या बाबतीत मात्र आपण वर्षानुवर्षे पॅटर्नशिवाय ओतत आलो आहोत. स्लॅब पडल्यावर प्लंबर येतो, ब्रेकर लावतो, बीमची सळई उघडी पाडतो आणि निघून जातो. त्याचाही इलाज नसतो, त्याला कोणी आधी बोलावलेलेच नसते.

महाराष्ट्रात या पद्धतीचे सर्वांत ठळक काम नागपूर मेट्रोचे. गेल्या वर्षी एका लग्नाच्या निमित्ताने नागपूरला जाणे झाले, तेव्हा पुतणीने बजावून सांगितले होते, "चाचा, वर्धा रोडवरून मेट्रोनं जा आणि खिडकीतून खाली बघा." तिथे खाली नेहमीचा रस्ता आहे, त्याच्यावर वाहनांचा उड्डाणपूल आणि त्याच्याही वर मेट्रो, आणि हे सगळे एकाच रांगेतल्या खांबांवर. हा दुमजली पूल ३.१४ किलोमीटर लांब आहे. डिसेंबर २०२२ मध्ये त्याची गिनेस बुकात नोंद झाली. वर तीन मेट्रो स्टेशनेही आहेत. विचार करा, खांब इंचभर इकडेतिकडे झाला तर खालच्या रस्त्याची, मधल्या पुलाची आणि वरच्या रुळांची अशी तिन्ही गणिते बिघडतात. पुलाचे तुकडे दुसरीकडे ओतून आणायचे, रात्री रस्ता अडवून क्रेनने चढवायचे. तुकडा वर गेल्यावर "बसत नाही" म्हणायची सोय नसते.

या मेट्रोच्या पहिल्या टप्प्याचे काम २०१५ मध्ये सुरू झाले. मंजूर खर्च सुमारे ८,६८० कोटी रुपये होता. मार्च २०१९ मध्ये पहिले प्रवासी बसले आणि डिसेंबर २०२२ मध्ये उरलेले मार्ग खुले होऊन टप्पा पूर्ण झाला. महामेट्रोने या प्रकल्पासाठी पाच मितींचे बीआयएम वापरले. लांबी, रुंदी, उंची या तीन मिती आपल्याला माहीत आहेत. चौथी मिती वेळ. म्हणजे मॉडेलमधल्या प्रत्येक खांबाला, प्रत्येक तुकड्याला तारीख जोडलेली असते. आज अमुक तारखेला पूल किती उभा असायला हवा आणि प्रत्यक्षात किती उभा आहे, हे चित्रातच दिसते. पाचवी मिती पैसा. त्या तुकड्यात काँक्रीट किती, लोखंड किती, त्याचे बिल किती आणि किती दिले, हे त्याच तुकड्याला चिकटलेले. भाईजानांना ही पाचवी मिती फार आवडली. म्हणाले, "म्हणजे झालेलं काम आणि राहिलेली उधारी एकाच जागी दिसते म्हणा की!" लेबर काँट्रॅक्टमध्ये आयुष्य गेलेल्या माणसाने अगदी मर्मावर बोट ठेवले. बांधकामातली बहुतेक भांडणे काम किती झाले यावरच होतात.

पण कोट्यवधींची मेट्रो वेगळी आणि आपली दीड गुंठ्यावरची दुमजली घरे वेगळी. इथे याचा काय उपयोग, हा प्रश्न मलाही होताच. त्याचे उत्तर भाईजानांच्या स्वतःच्या घरात मिळाले.

त्यांचे जुने कौलारू घर नदीकडच्या बाजूच्या पेठेत होते. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्याजवळची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट, हे आकडे पावसाळ्यात आमच्याकडच्या लहान मुलांनाही पाठ असतात. २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले, २०२१ मध्ये ५६ च्याही वर. त्या घराच्या भिंतीवर भाभींनी दोन्ही वर्षांच्या पाण्याच्या खुणा कोळशाने करून ठेवल्या होत्या. घर पाडायचे ठरले, तेव्हा मुलीने पहिल्यांदा त्या खुणांची मापे घेतली.

नकाशा स्थानिक आर्किटेक्टने केला, आरसीसीचे डिझाइन कन्सल्टंटने दिले. पोरीने आठ-दहा रात्री जागून दोन्ही तिच्या मॉडेलमध्ये बसवले आणि पाण्याची रेघही त्यात ओढली. जोते दोन फूट उचलावे लागणार होते. कागदावर 'जोते दोन फूट उंच' एवढेच लिहिले असते तर कोणी मान डोलावली असती. मॉडेलमध्ये मात्र पुढची गोष्ट लगेच दिसली. दोन फूट चढायला सहा इंचांच्या चार पायऱ्या जास्त लागतात. पायरी दहा इंच रुंद धरली तर दारापुढची ४० इंच जागा गेली, आणि स्कूटर लावायची जागा नेमकी तीच होती. भाभींचे गुडघे दुखतात, त्यांना चार पायऱ्या जास्त. हे सगळे पायाचा खड्डा खणण्याआधी घरातल्या पाच माणसांनी बसून बघितले, भांडले आणि ठरवले. पायऱ्या बाजूने वळवल्या, एका कडेला कठडा घेतला.

मग जिना. तिने संगणकाला जिन्यातली डोक्यावरची जागा तपासायला लावली. नॅशनल बिल्डिंग कोडप्रमाणे जिन्याच्या चौथऱ्याखालून ये-जा करायची असेल, तर तिथे किमान २.२ मीटर, म्हणजे साधारण सव्वासात फूट उंची लागते. यांच्या नकाशात ती सहा फूट निघत होती. तीच आमच्या घरातली चूक, पुन्हा तशीच, वीस वर्षांनी, वेगळ्या आर्किटेक्टच्या हातून. भाईजान काही बोलले नाहीत. फक्त माझ्याकडे बघून हसले.

इथवर पोरगी जिंकत होती. नंतर तिने ड्रेनेजचा पाइप दाखवला. मागच्या बाजूचा संडास, तिथून पुढच्या रस्त्यावरच्या चेंबरपर्यंत ४० फूट पाइप. चाळीस फुटांना एक फूट उतार लागतो, तो मॉडेलमध्ये बरोबर बसत होता. भाईजानांनी चष्मा पुसला आणि विचारले, "चेंबर किती खोल धरलंस?" ती म्हणाली, "तीन फूट, अब्बा. ड्रॉइंगमध्ये तसंच आहे."

"झाकण उघडून बघितलंस का?"

तिने बघितले नव्हते. भाईजानांनी तेच चेंबर मागे एकदा तुंबले असताना स्वतः साफ केले होते. अडीच फुटांच्या खाली ते नाही, हे त्यांना ठाऊक होते. म्हणजे एक फूट उताराच्या जागी अर्धाच फूट मिळणार होता. घर झाल्यावर पहिल्याच पावसात काय झाले असते ते सांगायला नको. संडासाची जागा पुढे सरकवली, पाइप २० फुटांवर आला आणि अर्ध्या फुटात काम भागले. मॉडेलमध्ये हा बदल करायला तिला एक संध्याकाळ लागली.

मला या विषयाची जी काही समज आली ती त्या संध्याकाळी. मॉडेल खोटे बोलत नाही, पण त्याला जे सांगाल तेच ते खरे मानते. चेंबर तीन फूट खोल आहे असे सांगितले, तर ते तीन फुटांवर सुंदर पाइप काढून दाखवते. मोठ्यांचेही असेच होते. एअरबसच्या ए३८० या महाकाय विमानाचे जर्मनीतले आणि फ्रान्समधले डिझाइनर एकाच सॉफ्टवेअरच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांवर काम करत होते. तयार झालेल्या तारांच्या जुड्या विमानात बसेनात. २००६ मध्ये हे उघड झाले आणि विमाने ग्राहकांच्या हाती पडायला साधारण दोन वर्षांचा उशीर झाला. मॉडेल होते, पण सगळ्यांचे एक नव्हते.

आणि काही गोष्टी मॉडेलच्या हातात नसतातच. काँक्रीटमध्ये मजुराने जास्तीचे पाणी ओतले, स्लॅबवर पाणी मारायला कोणी थांबले नाही, रिंगा सहा इंचांच्या जागी नऊ इंचांवर बांधल्या, हे संगणकाला दिसत नाही. ते मिस्त्रीलाच बघावे लागते.

बिल्डरांच्या जाहिरातीत हल्ली झगमगीत थ्रीडी चित्रे असतात. पोहण्याचा तलाव, झाडे, हसरे कुटुंब. ते बीआयएम नव्हे, ते फक्त चित्र. आणि बिल्डरने खरोखर बीआयएम वापरले तरी वाचलेल्या सिमेंटचे पैसे फ्लॅटच्या किमतीतून कमी होतील या भ्रमात राहू नये. पहिला फायदा त्याचाच. घेणाऱ्याचा फायदा दुसरीकडे आहे. इमारत जशी प्रत्यक्षात बांधली तसे मॉडेल किंवा निदान पाइप आणि वायरिंगची ड्रॉइंग्ज सोसायटीला मिळाली, तर पुढची तीस वर्षे भिंत कुठे फोडायची हे कळते. रेरा कायद्याप्रमाणे ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष निघाला तर तो बिल्डरने स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो. दोष कुणाचा, या वादात अशी ड्रॉइंग्ज हाती असलेला माणूस वेगळ्या आवाजात बोलतो. स्वतःचे घर बांधणाऱ्याने काहीच जमले नाही तर एवढे तरी करावे, प्लास्टरच्या आधी प्रत्येक भिंतीला टेप लावून मोबाइलवर फोटो काढून ठेवावेत. आमच्या घरात खिळा ठोकताना दोनदा पाइप फुटला आहे, म्हणून सांगतो.

जुन्या इमारतींची गोष्ट आणखी निराळी. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळाले. शाहू महाराजांनी बांधलेले, १९१५ पासूनचे. दुसऱ्या दिवशी त्या भिंती बघायला गेलेल्यांत आम्हीही होतो. 'जसे होते तसे' उभे करा, ही कोल्हापूरकरांची मागणी होती. पण जसे होते तसे म्हणजे नेमके कसे, याला माप लागते. पॅरिसचे नोत्र दाम चर्च एप्रिल २०१९ मध्ये जळाले, त्याच्या काही वर्षे आधी अँड्र्यू टॅलन नावाच्या कलेतिहासाच्या प्राध्यापकाने लेसर यंत्राने त्याचा कोपरान् कोपरा मोजून ठेवला होता. तो स्वतः २०१८ मध्ये वारला, आग त्याने पाहिली नाही. पण ती मापे पुढे दुरुस्तीच्या डिजिटल मॉडेलला कामी आली आणि डिसेंबर २०२४ मध्ये चर्च पुन्हा उघडले. आपल्याकडच्या किती जुन्या मशिदी, दर्गे, वाडे, बोर्डिंगे आहेत, ज्यांचा एक धड नकाशा ट्रस्टच्या कपाटात सापडणार नाही! नवा मिनार, नवा मजला यांसाठी वर्गणी गोळा होते. आहे त्या इमारतीची मोजणी करून घ्यायला त्या मानाने फार थोडे लागते.

आता थोडे मुलांच्या पोटापाण्याविषयी. आपल्या समाजात घराघरांत बांधकामाशी जोडलेला एक तरी माणूस असतो. सेंटरिंगवाला, फॅब्रिकेटर, प्लंबर, इलेक्ट्रिशियन, पीओपीवाला. कोकणातल्या आणि आमच्याकडच्याही कित्येकांनी आखातात हीच कामे केली. त्याच दुबईत २०१४ पासून चाळीस मजल्यांवरच्या, तीन लाख चौरस फुटांवरच्या इमारतींना बीआयएम सक्तीचे झाले आणि पुढच्याच वर्षी ती मर्यादा वीस मजले, दोन लाख चौरस फूट अशी खाली आणली. ब्रिटनने २०१६ पासून केंद्र सरकारच्या कामांना ते बंधनकारक केले. त्या देशांतल्या इमारतींची मॉडेले पुण्यातल्या ऑफिसांत बनतात. भाईजानांनी दुबईत उन्हात उभे राहून शटर ठोकले. त्यांची मुलगी पुण्यात बसून तिथल्याच एका इमारतीचे पाइप काढते.

डिप्लोमा, आयटीआयचा ड्राफ्ट्समन सिव्हिल, इंजिनिअरिंग, कुठल्याही वाटेने इथे पोचता येते. रेव्हिटसारखी सॉफ्टवेअर विद्यार्थ्यांना शिकण्यापुरती मोफत मिळतात. 'तीस दिवसांत एक्स्पर्ट व्हा' म्हणणाऱ्या क्लासला मोठी फी भरण्याआधी घरीच दोन महिने हात चालवून बघावा. मुलींसाठी हे काम मला विशेष वाटते, कारण सिव्हिल म्हटले की साइट, आणि साइट म्हटले की 'मुलीला कशाला' असे म्हणून दहावीनंतरचा फॉर्म बदलणारे पालक मी पाहिले आहेत. पण पुतणीला साइट नको आहे असे कोणी समजू नये. चेंबरच्या प्रकरणानंतर ती ऑफिसात सांगून महिन्यातून दोन दिवस साइटवर जायला लागली. तिचे वरिष्ठ म्हणे तिला विचारतात, हे तुला कसे सुचले. मिस्त्रीच्या घरात वाढलेल्या पोरीला पाइपाचा उतार जेवतानाच कानावर पडलेला असतो. असे बाप असलेल्या मुलांनी बापाचा धंदा सांगताना खाली बघायचे काही कारण नाही.

भाईजानांच्या घराचा पहिला स्लॅब डिसेंबरात पडला. लॅपटॉप साइटवर चालत नाही, मोबाइलवर त्यांना दिसत नाही, म्हणून पोरीने प्रत्येक मजल्याचे मॉडेल मोठ्या कागदावर रंगीत छापून दिले. पाणी निळे, ड्रेनेज तपकिरी, वायरिंग लाल. तो कागद आता सेंटरिंगच्या फळीला खिळ्याने ठोकलेला आहे आणि प्लंबर कामाला लागण्याआधी त्याच्यापुढे उभा राहतो.

परवा ती आमच्याकडे आली, तेव्हा मी तिला जिन्यातला तो बीम दाखवला आणि म्हटले, याचे काही करता येईल का बघ. तिने टेप काढली, पायऱ्या मोजल्या, बीमची खोली मोजली आणि तिथेच पायरीवर बसून लॅपटॉप उघडला. अर्ध्या तासाने म्हणाली, "चाचा, बीमला हात लावायचा नाही, त्याच्यावर वरची भिंत आहे. खालच्या सात पायऱ्या फोडायच्या आणि जिना दीड फूट पुढून सुरू करायचा. हॉलमधला सोफा मात्र हलवावा लागेल."

अम्मी स्वयंपाकघरातून ऐकत होत्या. बाहेर येऊन म्हणाल्या, "म्हणजे घरात पुन्हा धूळ? रमजाननंतर बघू." आणि रजईच्या तुकड्याची सुटलेली पट्टी दाबून आत गेल्या.